ओळीच्या शेवटी उजवा हात

९ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

मामाचं ब्रेलच्या ठिपक्यांचं जाडजूड पाकीट यायच्या ऐवजी माझं हे पेनाने लिहिलेलं पत्र बघून तू दचकशील. घाबरू नकोस. मामाच्या उजव्या हाताला दाराची काच लागली. जखम खोल होती, आतली नस तुटली होती, ती ऑपरेशन करून जोडली. आता घरी आहे. हात पट्टीत, गळ्यात झोळी. मी भरवायला गेले की चिडतो, म्हणजे बरा आहे असं समज.

मी बेकरीतून रजा घेतलीय. काही दिवस त्याला एकट्याला ठेवू नका असं डॉक्टर म्हणाले. हात असा आहे ना, म्हणून.

तो समोर बसून सांगतोय आणि मी लिहितेय. त्याला ठिपक्यांच्या यंत्रावर टाइप करता येणार नाही, निदान काही महिने. ब्रेल प्रेसमध्ये पुस्तकं तपासायला त्याच्या जागी दुसऱ्या बाई बसवल्यात. प्रेसवाले म्हणतात, बाई चुका बऱ्या काढतात, पण गोगलगायीने काढाव्यात तशा.

तू मात्र नेहमीसारखी ठिपक्यांतच लिही. तुझं पाकीट आलं की त्याचा चेहरा उजळतो. फोन नको, तुमचा दोघांचा नियम मला पाठ आहे: फोनवर आवाज खोटं बोलतो, कागदावर ठिपके खोटं बोलत नाहीत.

तुझ्या आईला कळवलंय. काळजी नसावी.

— मामी


२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन बसलेय. उजवीकडून डावीकडे उलटं टोचताना अजून हात चुकतो, तेव्हा चुका सापडतील. सापडू देत. तुझ्या बोटाला काम नको का?

मामी लिहिते काच लागली. तुला काच दिसली नाही हे मी समजू शकते, पण एवढा थोरला माणूस काचेला दिसू नये? काचेलाच चष्मा लावायला हवा! उजव्याला विश्रांती दे आणि हे डाव्याने वाच. देवाने दोन हात उगीच नाही दिले.

घराण्यातली पहिली पदवी मी घेतली आणि ती घेऊन काय करते, तर सातवीला बेडकाचं पोट समजावते. तरी सांगते, मला ही नोकरी फार आवडते. काल तुझ्यासाठी म्हणून नसांचं प्रकरण पुन्हा काढलं आणि वाचताना अंगावर काटा आला. नस म्हणजे मज्जातंतू, बारीक बारीक तंतूंची जुडी. ती तुटली की तुटल्या जागेच्या पुढचा भाग मरून जातो, शरीर तो साफ करून टाकतं. उरते फक्त रिकामी नळी. मग वरच्या टोकाला कोंब फुटतो आणि तो त्या नळीतून बोटाकडे निघतो, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. त्याला कोणी वाट दाखवत नाही. अंधारात चाचपत जातो. मामा, अगदी तुझ्यासारखा!

वर्गात हे सांगताना मला तेच आठवत होतं. वीज गेली की सगळं घर गप्प व्हायचं, आणि तुझं वाचन मात्र चालूच. मी तुझ्या पांघरुणात शिरून तुझ्या बोटाखाली माझं बोट सरकवायचे. शाळेत अक्षरं शिकायच्या आधी मी तिथे वाचायला शिकले. उजेड नसताना वाचता येतं हे मला पाचव्या वर्षी कळलं. त्यानंतर कुठलाच अभ्यास अवघड वाटला नाही.

मामीला सांगून लवकर उत्तर लिहून घे.

तुझी टिंबू


३० मार्च

प्रिय मामा,

रागावलास? काचेचा विनोद लागला का? मी फार बडबडते, मला माहीत आहे. एकच ओळ पाठव. "पत्र मिळालं, गप्प बस" एवढी पण चालेल.

टिंबू


१२ एप्रिल

प्रिय टिंबू,

तुझी पत्रं पोचली. मामाने वाचली, खूप हसला. शाळेतल्या त्या वात्रट मुलाची गंमत तर दोनदा वाचली. हात सुधारतोय. तुझी नोकरी सांभाळ. इकडची काळजी करू नकोस.

— मामी


१९ एप्रिल

प्रिय मामी,

हे पत्र पेनाने लिहितेय, म्हणजे ते तुलाच वाचता यावं.

मी कुठल्याही वात्रट मुलाबद्दल लिहिलं नव्हतं.

मामी, तू मला चाळीतल्या नळावर अंघोळ घातली आहेस, परीक्षेच्या दिवशी माझी वेणी घातली आहेस. मी तुला ओळखते. तुला खोटं बोलता येत नाही, आणि आता तू बोलतेयस, म्हणजे खरं फार जड असणार. ते अर्धं माझ्याकडे दे. मी आता लहान नाही. मामाने माझी पत्रं वाचली नाहीत ना? तो बोलत नाहीये का? काय झालंय?

तुझी टिंबू


२ मे

टिंबू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बेकरीत परत कामाला लागले होते. तिथे पिठाच्या पोत्यावर बसून वाचलं आणि रडले. शेठ म्हणाला, पीठ खारट होईल.

काच लागली नाही. काच नव्हतीच. मामाने स्वतःच स्वतःला इजा करून घेतली. मी घरी लवकर आले म्हणून तो आहे. ह्याच्यापुढे त्या दिवसाचं काही लिहीत नाही.

पहिल्या पत्राच्या वेळी तो समोर बसून म्हणाला होता, "लिही: टिंबू, मी स्वतःला इजा केली, आणि मी जिवंत आहे, आणि मला लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही." मी पेन धरलं आणि लिहिलं काच. त्याला काय दिसणार? मग म्हणाला, वाचून दाखव. मी त्याने सांगितलेलं तोंडपाठ म्हणून दाखवलं. टिंबू, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या न दिसण्याचा फायदा मी कधी घेतला नव्हता.

तुझी पत्रं कोणीच वाचलेली नाहीत. मला ठिपके येत नाहीत. आणि त्याला येत होते ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. त्या बोटाला आता काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, कापूस नाही, दगड नाही. डाव्याने बघ म्हटलं तर म्हणाला, जन्मभर मी डाव्याने कागद धरला, वाचलं कधीच नाही. डाव्याला ठिपके म्हणजे सांडलेली साखर. प्रेसमधल्या कोणाला बोलावू का म्हटलं, तर नको म्हणाला. टिंबूचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. तेव्हा ती बिस्किटाच्या डब्यात ठेवलीयत, आली तशी.

औषधं चालू आहेत. मनाच्या डॉक्टरांकडे दर आठवड्याला जातो. मी बेकरीत असते तेव्हा शेजारचे काका येऊन बसतात, त्यांनाही खरं सांगितलंय. हाताच्या व्यायामाच्या बाई वेगळ्या आहेत. त्या तांदळाच्या भांड्यात बटण, चावी, खडू पुरून ठेवतात आणि म्हणतात, डोळे मिटून शोधा. तो म्हणतो, बाई, मिटून झालेत.

पहिल्यांदा विनोद केला त्याने. मी घरी येऊन शेजारणीला सांगितलं, जसं पोर पहिलं पाऊल टाकतं ते सांगतात तसं.

— मामी


९ मे

प्रिय मामी,

मी तुझ्यावर रागावले नाही. हे पहिल्यांदा लिहिते, कारण तू पुढचं वाचायच्या आधी तेच शोधशील.

वर्गात नसांबद्दल केवढं ऐटीत बोलले होते मी! आणि मामाला लिहिलं काय, तर डाव्याने वाच. जणू हात म्हणजे चमचे, हा नाही तर तो. मी डोळ्यांनी बघणारी, मला बोटाचं शिक्षण काय ठाऊक? आपल्या बोटाला जे वीस-तीस वर्षं शिकवावं लागतं ते मी एका ओळीत उरकून टाकलं.

मी रजा काढून लगेच यायला निघाले होते. बॅग भरली. मग वाटलं, आधी त्याला विचार. त्याला विचार आणि तो म्हणेल तसंच लिही, मामी, शब्दन् शब्द.

आणि एक. माझी पत्रं त्याच्यासाठीच ठेव. सोबत एक पुठ्ठा पाठवतेय. त्यावर ठिपक्यांचं प्रत्येक अक्षर आहे आणि शेजारी पेनाने आपलं अक्षर. हा तुझ्यासाठी. तू डोळ्यांनी शीक, तो डाव्या हाताने शिकेल. चुकला तर त्याला सांगणारं घरात कोणीतरी हवं ना? आजवर त्याने जगाच्या चुका काढल्या. आता तू त्याच्या काढ. तुला ही संधी पुन्हा मिळायची नाही.

तुझी टिंबू


२७ ऑगस्ट

प्रिय टिंबू,

सांगतोय मी, लिहितेय मामी. ह्या वेळी शब्दन् शब्द. पहिल्या पत्रात काच लिहिली होती हे तिने मला सांगितलंय, आणि आता शपथ घेतलीय. (घेतलीय. — मामी)

मे महिन्यात येऊ नकोस असं कळवलं होतं, त्याचा राग मानला नाहीस हे बरं केलंस. तुझी पत्रं डब्यात बंद असताना तुझ्यासमोर बसायचं म्हणजे न वाचलेल्या पुस्तकाची परीक्षा द्यायची. वाचून झाली की ये.

कारण विचारायला तू कचरशील, म्हणून सांगतो. सगळ्यांना वाटतं, आंधळा माणूस, कंटाळला असेल. अगं, मी जन्मापासून असा आहे. डोळ्यांचं दुःख करायला डोळे काय असतात ते तरी माहीत हवं ना? ते नव्हे. दोन वर्षं हळूहळू सगळ्याची चव जात होती. कामाची, जेवणाची, मामीच्या बोलण्याची. (आभारी आहे.) मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एकच कारण असतं तर किडक्या दातासारखं उपटून टाकलं असतं. डॉक्टर म्हणतात हा आजार आहे, आणि आजाराला उपचार असतो. पहिले काही महिने मी ते नुसतं ऐकून घेतलं. आता थोडा विश्वास बसतोय.

सगळं सरळ चाललंय असंही नाही. जुलैत एक आठवडा पुन्हा तसाच अंधारून आला. ह्या वेळी मी मामीला सांगितलं. तिने पोळी तव्यावर टाकली होती ती तशीच ठेवून डॉक्टरांना फोन केला. औषध बदललं. पोळी जळाली. (कोळसा झाला.) तो जळका वास मला अजून आवडतो.

आता खरी गोष्ट. परवा सकाळी मामीने पाण्याचा स्टीलचा पेला हातात दिला, उजव्या. आणि मला गार लागलं.

टिंबू, गार लागलं! मी पेला सोडेना. मामी म्हणाली पाणी पी, मी म्हटलं थांब. गंमत म्हणजे पेला टेकला होता पहिल्या बोटाला आणि गार लागलं मधल्या बोटात. व्यायामाच्या बाईंना सांगितलं तर त्या टाळ्या वाजवायला लागल्या. म्हणाल्या, तार पोचली, फक्त घंटा शेजारच्या घरी वाजतेय. हळूहळू मेंदू पत्ता शिकेल. कदाचित पूर्ण शिकणार नाही. मी म्हटलं, वाजली ना?

त्या दिवशी मी घरभर सगळ्याला हात लावत फिरलो. खिडकीचा गज, साबण, मामीचा कान. इतकी वर्षं ह्या बोटाकडून मी फक्त पुस्तकं तपासून घेतली. ते एवढं काय काय करत होतं ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

डावा पण शिकतोय. मामी पुठ्ठा घेऊन समोर बसते आणि मास्तरीणबाईंसारखी "पुन्हा!" म्हणते. (चुकतो म्हणून म्हणते.) तुझं सगळ्यांत पातळ पत्र आधी घेतलं. एक ओळ वाचायला सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत वेळ लागला. "रागावलास?" एवढा एक शब्द जुळला आणि मी मामीला म्हटलं, बघ, पोरगी मार्चपासून उत्तराची वाट बघतेय.

नाही, नाही रागावलो.

पुढे विनोदाबद्दल काहीतरी होतं. कसला काचेचा विनोद? मला माहीत नाही. जाड पत्रात असेल. ते शेवटी ठेवलंय.

मामा


४ सप्टेंबर

प्रिय मामी,

हे फक्त तुझ्यासाठी. मामाचं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून बसून राहिले. इतिहासाच्या सरांना वाटलं पगार कापला. गार लागलं! मी मुलांना शिकवते तो कोंब खरंच तिथे पोचला.

पण मामी, ते जाड पत्र. त्यात मी काचेवरून फार वाईट थट्टा केलीय. तेव्हा मला काय माहीत होतं? तो एवढ्या कष्टाने एकेक अक्षर जुळवत तिथवर येणार आणि पुढे ते! मला झोप लागत नाही. प्लीज, पहिलं पान काढून टाक. त्याला कळणार नाही. मी त्या जागी दुसरं टोचून पाठवते.

टिंबू


१२ सप्टेंबर

टिंबू,

मी ते पान काढून हातात घेतलं होतं. मला आता डोळ्यांनी वाचता येतं, सावकाश. वाचलं. थट्टा वाईट आहे खरी.

मग ते पान डब्यात परत ठेवलं.

"त्याला कळणार नाही" हे मी एकदा केलंय, बाई. त्यातून काय निघालं ते तुलाच माहीत आहे. आता ह्या घरात तसं करायचं नाही असं मी ठरवलंय, आणि तू पण नको करूस. त्याला लागलं तर तो सांगेल. आता सांगतो तो. हेच तर एवढ्या महिन्यांत आम्ही शिकलोय. ज्या दिवशी ते पान येईल त्या दिवशी मी सुट्टी घेऊन घरात असेन, एवढं मात्र वचन.

तू जेव. झोप.

— मामी


१५ जानेवारी

प्रिय टिंबू,

हे मी लिहितोय. मी, माझ्या हातांनी, यंत्रावर. सहा ठिपक्यांच्या सहा कळा, त्यातली चौथी उजव्या पहिल्या बोटाची, तो ठिपका जरा फिका उमटेल. अंदाजाने वाच. मामीला म्हटलं तू बाहेर जा, नाहीतर मागे उभी राहून चुका काढशील. ती गेलीय, पण दाराबाहेरच आहे. तिच्या बांगड्या ऐकू येतात.

काल जाड पत्र संपलं. मामीने सकाळीच सुट्टी टाकली होती, का ते मला सांगेना. माझ्या समोरून हलेना. मी वाचत होतो. काचेशी आलो. "काच दिसली नाही हे मी समजू शकते" इथवर आलो आणि ओळ संपली. पुढच्या ओळीत शब्द जुळवत गेलो, थोरला, माणूस, काचेला, दिसू, नये. मग कळलं.

टिंबू, मला हसू आलं. आधी पोटात आलं, मग आवरेना. माझ्या हसण्याचा आवाज मीच विसरलो होतो. तो असा काही फुटला की मामीला वाटलं मी रडतोय. तिने पळत येऊन मला मिठी मारली. "मी म्हटलं होतं तिला, वाईट आहे, वाईट आहे!" मी हसतोय आणि ती रडतेय. मी म्हटलं, अगं, काचेला चष्मा! मग ती पण.

नंतर रडलो, तेही सांगतो. विनोदाने नव्हे. त्याच्या खाली तू त्या कोंबाचं लिहिलंयस ना, अंधारात चाचपत जातो, कोणी वाट दाखवत नाही. ते तू लिहिलंस तेव्हा तो माझ्या हातात निघालाच होता. मला माहीत नव्हतं. मी खुर्चीत बसून भिंतीकडे तोंड करून होतो, मला काही नको होतं, आणि माझ्या हातात तो दिवसाला एक मिलिमीटर बोटाकडे चालला होता. मला न विचारता. मला नको असताना. हे किती मोठं आहे ते मला सांगता येत नाही. तू विज्ञान शिकलीस, तुला येत असेल तर वर्गात सांग. पण मुलांना असंही सांग की तो एकटा जात नाही. कोणीतरी नस शिवलेली असते, कोणीतरी पोळी जाळलेली असते.

उजवा आता वाचणार नाही असं व्यायामाच्या बाई स्पष्ट म्हणाल्या. वाचायला जे बारीक कळावं लागतं ते त्याला परत येणार नाही. प्रेसला मी कळवलंय. डावा पुरेसा भरभर झाला की परत या म्हणाले, गोगलगाय बाईंना तोवर बसू देत. मी पण सध्या गोगलगायच आहे.

उजव्याला मी बेकार ठेवलेलं नाही. डावा ओळीच्या सुरुवातीला निघतो, तेव्हा उजवा ओळीच्या शेवटी जाऊन थांबतो. नुसता थांबतो. डावा अडखळत, परत मागे जात, शब्द जुळवत येतो आणि ओळ संपते तिथे त्याच्यावर येऊन टेकतो. मला कळतं. मधल्या बोटात कळतं, म्हणजे चुकीच्या घरात, पण प्रत्येक ओळीला कळतं.

तुझी सगळी पत्रं वाचून झाली. घरात आता वाचायला काही उरलं नाही. आता तू ये.

मामा